आलूबोंड्याखालचा मी

माझी आणि माझ्या आधार कार्डाची गाठ एका मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता आलूबोंड्याखाली पडली.

बोंडा चांगला होता. अर्धा पोटात गेला होता. उरलेला अर्धा उचलला, तर खालून एक माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड किंचित उघडं, आत्ताच कुठल्या तरी ठाण्यात आणून बसवल्यासारखा चेहरा. मनात म्हटलं, बाप्पा, कोण हा दरोडेखोर! कागद जरा तिरका केला, तेलाच्या डागाखालून नाव वर आलं. सुधाकर गावंडे. म्हणजे मी!

आता हा सुधाकर गावंडे कोण, ते सांगतो. मी एका सरकारी कचेरीत टेबल सांभाळतो आणि मनीषनगरात एका फ्लॅट स्कीममध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत फसवणुकीपासून सावध कसं राहावं याचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. बाकीचे लोक दुपारच्या जेवणानंतर पळाले. मी शेवटपर्यंत बसलो, आणि तेव्हापासून घरच्यांचं जगणं कठीण करून ठेवलं. कुरिअरच्या खोक्यावरचं नाव मी काळ्या पेनानं खोडतो. कोणी फोनवर ‘गावंडे साहेब का?’ विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं उत्तर देतो. जन्मतारीख फुटू नये म्हणून घरात माझा वाढदिवसही दोन वर्षं झाला नाही. (केक मात्र माझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ‘असाच’ म्हणून, येतो.) सख्ख्या बहिणीनं नव्या नंबरवरून मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला फोन केला, तर मी तिला आपल्या लहानपणच्या म्हशीचं नाव विचारलं. तिला आठवलं नाही. मी फोन कापला. ती सहा महिने बोलली नाही, आणि लग्नात मला मागच्या पंगतीत बसवलं.

तर अशा माणसाचं व्याख्यान त्याच रविवारी आमच्या स्कीमच्या पार्किंगमध्ये ठरलं होतं. विषय : ‘आपली ओळख जपा’. मोठं बॅनर लागलं होतं, त्यावर माझा फोटो. आणि पाच दिवस आधी तोच मी, शंकरभाऊच्या ठेल्यावर, चटणीत भिजून पडलो होतो!

“शंकरभाऊ,” मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, “हा कागद कुठून आणला गा?”

“काहून? खराब आहे का?”

“नाही, असंच.”

“तुमीच तं सांगतलं होतं नं भाऊ! पेपरची शाई पोटात जाते, लोकाइले बिमार पाडशील, पांढरा कागद वापर म्हणून. तवापासून पांढराच वापरून राहिलो. रद्दीवाल्याकून आणतो. एका बाजूनं एकदम कोरा!”

मी वाकून पाहिलं. कढईशेजारी, दगडाखाली, मधोमध फाडलेल्या कागदांची थप्पी. वरच्या कागदावर माझं पॅन कार्ड होतं. त्याखाली माझी पगाराची पावती. त्याखाली रद्द केलेला चेक, आणि सगळ्यांवर, खाली उजव्या कोपऱ्यात, माझी घसघशीत सही!

मी हातातला अर्धा बोंडा खाली ठेवला. (कागदावर नाही, ठेल्याच्या फळीवर.)

ही माझी कर्जाची फाइल होती. मागच्या वर्षी मला जुनी का होईना, चारचाकी घ्यायची हुक्की आली होती. बँकेत अर्ज केला. मी प्रत्येक कागदाचे सहा झेरॉक्स काढणारा माणूस आहे. ‘असू दे, लागतात’ हे माझं ब्रीदवाक्य! अकरा पानांचा एक संच बँकेत गेला. बँकेनं नाही म्हटलं. उरले पाच संच, म्हणजे पंचावन्न पानं, फाडून एकशे दहा तुकडे. इतक्या कागदांवर कोणीही हुशार माणूस माझ्या नावानं सिम घेईल, खातं उघडेल, कर्ज उचलेल, आणि हप्ते भरायला मी! लोकांना मी घसा ताणून सांगतो, झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि कारण लिहा, आडवी रेघ मारा. माझ्या एकाही पानावर रेघ नव्हती. रेघ मारली की कागद घाण दिसतो, असं मला वाटतं.

आजूबाजूला पाहिलं तर माझी ओळख गावभर जेवायला बसलेली! एक हेल्मेटवाला माझ्या पॅन कार्डावर मिरची ठेवून उभा. एक बाई माझा पगार वाचत-वाचत चटणी लावत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया दाटून आलेली. एका गृहस्थानं बोंडा संपवून माझ्या सहीनं मिशा पुसल्या.

“शंकरभाऊ, ही थप्पी मला देऊन टाका.”

“मंग बोंडे कायच्यात देऊ? लोकाइच्या हातावर?”

सगळे हसले. खरं सांगायची सोय नव्हती, कारण रांगेत आमच्याच स्कीममधल्या बोबडेबाई उभ्या होत्या. रविवारचं बॅनर डोळ्यांपुढे फडफडलं. मी म्हणालो, “मग बोंडेच द्या. वीस. एकेका कागदात एकेक, वेगळा बांधून!”

“पाहुणे आले का घरी?”

“हाव. सासूबाई आल्या आहेत.”

“एकट्याच?” शंकरभाऊनं विचारलं, आणि तळायला घेतलं.

तेवढ्यात एका मोटरसायकलवाल्यानं चार बोंड्यांचं पार्सल हँडलला लटकवलं. पातळ पिशवीतून माझा चेक मला स्पष्ट दिसला. मी धावलो. पन्नाशीनंतरचा माणूस धावतो तेव्हा लोक आपोआप वाट देतात. “ओ भाऊ! थांबा! तो कागद!”

तो थांबला. मला धापा टाकताना पाहून त्याचा चेहरा मवाळ झाला. “बोंडा पाहिजे का काका? भूक लागली? घ्या, घ्या.” त्यानं पार्सलमधला एक बोंडा काढून माझ्या हातावर ठेवला. वर म्हणतो, “मले कन्हानले ड्यूटीवर जायचं आहे, नाही तं च्या पण पाजला असता.” आणि गेला! माझा चेक कन्हानला, मी रस्त्यात, हातात गरम बोंडा. तो मी खाल्लासुद्धा, कारण टाकवेना.

शेवटी घरी फोन लावला. पाच मिनिटांत बायको कुंदा, मुलगी पिंकी आणि खाप्याहून आलेल्या सासूबाई अशी फौज ठेल्यावर हजर. सासूबाई पंचाहत्तरीच्या. तब्येत इतकी खणखणीत की जिन्यात मीच त्यांच्या मागे असतो.

मी कुंदावर तुटून पडलो. “दिवाळीच्या सफाईत माझी कागदांची पिशवी तूच विकली! किती वेळा सांगितलं, त्या पिशवीला हात लावायचा नाही!”

“मी?” कुंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली. “तुमच्या त्या पिशवीवर तुमी मोठ्या अक्षरात ‘गोपनीय’ लिहून ठेवलं होतं. खाली सही बी केली होती. मी तं तिच्यावरची धूळही पुसत नाही!”

“मग ती चालत गेली का?”

“चला रद्दीवाल्याकडे. समोरासमोर होऊन जाऊ दे!”

रद्दीवाला दोन गल्ल्या सोडून होता. मला पाहताच उठून उभा राहिला. “आओ साहब! आपको तो मैं जिंदगी में नहीं भूलूंगा. दो बार काटा तुलवाया था आपने!”

आणि मला हळूहळू सगळं आठवायला लागलं. दिवाळीच्या आधीचा तो रविवार. रद्दीवाला ठकवतो, काटा मारतो, अशी माझी पक्की खात्री. मी त्याच्या काट्यावर आधी पाच किलोची सीलबंद तांदळाची थैली ठेवून काटा तपासला. मग कुंदाकडून दुसरी आणवून पुन्हा तपासला. काटा दोन्ही वेळा बरोबर निघाला, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. रद्दी भरली साडेअकरा किलो. तो म्हणाला, अकराच धरतो, वरचं सोडून द्या.

“फिर आप बोले,” रद्दीवाला आनंदानं सांगू लागला, “‘सोडून कायले देऊ? मले बेवकूफ समजतो का?’ और आप खुद अंदर जाके एक पिशवी लाए, और काटे पे पटक दी. बोले, ‘ले! आता झाले पूरे बारा!’ मैंने पूछा भी, साहब, इस पे कुछ लिखा है. आप बोले, ‘लिहिलेल्याचं वजन कमी भरते का?’”

कुंदा माझ्याकडे बघत होती. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं मला खूप वेळा असं पाहिलं आहे. पिंकी भिंतीकडे तोंड करून हसत होती, तिचे खांदे हलत होते. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “चाला आता. बोंडे थंडे होऊन राहिले.”

आम्ही रद्दीवाल्याकडून साधे कोरे कागद घेतले, शंकरभाऊला नेऊन दिले आणि त्याची सगळी थप्पी घरी आणली. (हे पहिल्या मिनिटाला सुचलं असतं तर वीस बोंडे वाचले असते. पण सुचलं पिंकीला, आणि ती आली उशिरा.) जेवणाच्या टेबलावर मी तुकडे जुळवायला बसलो. वरचा अर्धा, खालचा अर्धा, सेलोटेप. तेलानं कागद इतके पारदर्शक झाले होते की पगाराच्या पावतीतून आधार कार्ड दिसत होतं. एका बाजूला पिंकी फोन घेऊन बसली. मी तीन तुकडे जोडले तोवर तिनं माझ्या आधारचे बोटांचे ठसे ॲपवरून कुलूपबंद केले, बँकेला कळवून जुन्या चेकबुकातले सगळे चेक थांबवले, आणि माझ्या नावावर कुठे कर्ज उचललंय का तेही तपासलं.

“कोणी काही घेतलेलं नाही बाबा.”

“नीट बघ! लाखोंचं असेल!”

“काहीच नाही. कोणी प्रयत्नसुद्धा केला नाही.”

“बराबर आहे,” सासूबाई तिसरा बोंडा उचलत म्हणाल्या. “जवाईबापूलेच बँकेनं कर्ज देल्लं नाही, तं चोराले कोण देईन!”

मला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच अपमानही वाटला. तेवढ्यात सासूबाईंनी बोंड्याखालचा कागद उचलला. चौथी शिकलेल्या, पण वाचायची भारी हौस. चष्मा सारखा करून मोठ्यानं वाचू लागल्या :

“‘मा. व्यवस्थापक साहेब यांस सविनय सादर. माझ्या वृद्ध सासूबाई हृदयविकारानं अंथरुणाला खिळल्या असून त्यांच्यावर तातडीनं शस्त्रक्रिया...’”

थांबल्या. चष्मा काढला. पुसला. परत लावला.

“जवाईबापू, तुमाले सासवा किती आहेत?”

मी सेलोटेपचं टोक शोधायला लागलो. या पानाची मला आठवणच राहिली नव्हती! कचेरीतला एक सहकारी म्हणाला होता, गाडीसाठी मागशील तर बँक हजार प्रश्न विचारते, आजारपण लिही, साहेबांचं मन द्रवतं. मी लिहिलं. लिहिता-लिहिता मला स्वतःलाच गहिवरून आलं होतं, म्हणून मजकूर जरा लांबला. ‘त्यांना पाण्याचा घोटही उतरत नाही’ असंही एक वाक्य होतं.

“पाण्याचा घोट उतरत नाही?” कुंदा कागद ओढून पुढचं वाचत म्हणाली. “माह्या आईले? गाडीसाठी तुमी माह्या आईले अंथरुणाले खिळवलं?”

“अवं, ते फक्त कागदावर...”

“लोकाइले सांगता, फसवाफसवीपासून सावध राहा! अन् घरात हे!”

मला जमिनीनं पोटात घ्यावंसं वाटलं. खरंच लाज वाटली, विनोदानं सांगतोय म्हणून कमी समजू नका. पंचावन्न पानं अख्ख्या मनीषनगरात फिरली, आणि त्यात खोटेपणा केलेला माणूस एकच सापडला. मी सासूबाईंची माफी मागितली. त्यांनी उरलेला बोंडा संपवला, हात धुतले आणि आपली पिशवी भरायला घेतली. “मी खाप्याले चालली. इथं राहिली तं तुमी माह्या तेरवीचं कर्ज काढसान!”

त्या दाराशी पोचल्या आणि बेल वाजली. बाहेर बोबडेबाई. हातात दोन शहाळी आणि डाळिंबं. चेहरा सुतकी.

“आजी कशा आहेत हो? बोंडा खाता-खाता कागद वाचला, अन् घासच उतरला नाही. अन् मी इथं वरच्या मजल्यावर राहून मले पत्ता नाही!” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी पाहिलं. “तुम्ही मात्र धन्य हो गावंडेभाऊ. सासूसाठी कोण एवढं करते!”

सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. माझा जीव टांगणीला. त्यांचं एक वाक्य, आणि रविवारचं व्याख्यान, बॅनर, अब्रू, सगळं खलास! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाळिंबांकडे पाहिलं. पिशवी हळूच खाली ठेवली, आणि डावा हात छातीवर नेला.

“आता ठीक आहे वं माय,” आवाज एकदम क्षीण. “जवायानं लय केलं.”

बोबडेबाईंनी बातमी स्कीमभर पोचवली, आणि पुढचे चार दिवस आमच्याकडे जत्रा! जो येई तो फळं घेऊन येई आणि जाताना, “हा तुमचा कागद, सांभाळून ठेवा,” म्हणून घडी घातलेला तुकडा माझ्या हातात देई. बेल वाजली की सासूबाई दिवाणावर आडव्या होत, माणूस गेला की उठून डाळिंब सोलत. कण्हायचंही त्यांनी चांगलं बसवलं होतं. कुंदा माझ्याशी बोलत नव्हती, पण आईच्या उशाशी बसून पंख्यानं वारा घालताना तिलाही हसू आवरत नव्हतं.

रविवारी पार्किंग गच्च भरलं. एवढी गर्दी आमच्या स्कीमच्या पाण्याच्या मीटिंगलाही झाली नव्हती. पहिल्या रांगेत मधोमध शाल पांघरून सासूबाई. मी माइकसमोर उभा राहिलो, तेवढ्यात मागून तो मोटरसायकलवाला पुढे आला. त्यानं शंकरभाऊकडून माझा पत्ता काढला होता. माझा चेक आणि त्याच पार्सलमधला अर्जाचा तुकडा त्यानं चक्क इस्त्री करून आणले होते! “काका, त्या दिवशी तुमी भुकेले नव्हते, कागद मागून राहिले होते नं? माफ करा. ड्यूटीवर गेल्यावर वाचलं. आजी बऱ्या आहेत ना?”

त्याच्याबरोबर मोजून एकशे दहा तुकडे पुरे झाले. एकही गेला नाही. माझं नाव, पत्ता, सही, पगार, सगळं लोकांच्या हातात होतं, आणि लोकांनी ते तेल टिपून परत आणून दिलं. मला खरंच रडू आलं. वाटलं, सांगून टाकावं सगळं. मी घसा खाकरला. सासूबाईंनी शालीतून एक बोट वर केलं आणि नकारार्थी हलवलं.

मग मी व्याख्यान दिलं. झेरॉक्सवर रेघ मारा, तारीख लिहा, रद्दी देताना पिशव्या तपासा. हा शेवटचा मुद्दा मी इतक्या तळमळीनं मांडला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी कोणी तरी विचारलं, “सर, फसवणारा माणूस ओळखायचा कसा?”

मी काही बोलायच्या आत पहिल्या रांगेतून क्षीण आवाज आला. “थो दिसायले लय साधा असते. अन् भाषण चांगलं देते.”

पार्किंगमध्ये हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना खाप्याच्या बसमध्ये बसवून द्यायला गेलो. खिडकीशी बसून त्यांनी मला जवळ बोलावलं. “जवाईबापू, शंकरभाऊचा बोंडा मले लय आवडला. दर महिन्याच्या पयल्या रविवारी डझनभर घेऊन येत जा. नाही आले, तं मी बरी झाल्याचं बोबडेबाईले फोन करून सांगीन. अन् बिमार कवा पडली होती, थेही सांगीन.”

आता मला आजूबाजूच्या स्कीममधूनही व्याख्यानाची बोलावणी येतात. शेवटचा मुद्दा मी आवाज चढवून सांगतो : गुपित फोडायची धमकी देऊन कोणी काही मागितलं, तर मुळीच घाबरू नका, काही म्हणजे काही देऊ नका, ताबडतोब तक्रार करा! टाळ्यांचा कडकडाट होतो. पण महिन्याचा पहिला रविवार असला तर मी चहालाही थांबत नाही. खाप्याची बस साडेअकराची असते, आणि बोंडे गरम पोचावे लागतात.